कॅरियर लावलं की लुक जातो

रावेरात सायकल विकत घेणं अवघड नाही. त्या सायकलवरून दोन किलो भरताची वांगी, पाच किलो कळण्याचं पीठ आणि कोथिंबिरीची एक जुडी एकाच खेपेत, ओळखू येतील अशा अवस्थेत घरी आणणं हा वेगळा विषय आहे. या विषयावर गावात सभा झालेली नाही, कोणी निवेदन दिलेलं नाही, कोणी उपोषणाला बसल्याचंही ऐकिवात नाही. म्हणून तक्रार लेखी नोंदवतो.

आधी दुकानात काय मिळतं ते सांगतो. 21 गिअर मिळतात. पुढे आणि मागे डिस्क ब्रेक मिळतो. पुढे शॉकअप, आणि आणखी पैसे टाकले तर सीटखालीही शॉकअप. चार बोटं रुंद टायर. दांड्यावर इंग्रजीत एखाद्या हिंस्र जनावराचं, नाहीतर नैसर्गिक आपत्तीचं नाव. पाण्याची बाटली अडकवायची जागा. आता काय मिळत नाही ते : कॅरियर, मडगार्ड, चेनकव्हर, दोन पायांचा स्टँड, दिवा, कुलूप. घंटी मागितली तर दुकानातला मुलगा गल्ल्याखालच्या खोक्यात हात घालून बराच वेळ शोधतो, आणि वर येतो तेव्हा त्याच्या हातात मोबाईलचा चार्जर असतो.

सातपुडा आमच्या उत्तरेला आहे, हे मान्य. पण भाजीबाजार सातपुड्यावर भरत नाही. रावेर तापीच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर वसलेलं गाव. माझ्या घरापासून बाजारापर्यंत जो सर्वांत मोठा चढ लागतो तो एक गतिरोधक आहे. त्याच्यासाठी 21 पैकी कितवा गिअर टाकायचा, हे सोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेलं नाही.

"कॅरियर लावून द्या," मी म्हटलं.

"सर, ह्याले कॅरियर नाही येत."

"पण बसवता येईल ना?"

"बसवता येते. पन कशाले? लुक जातो."

मी त्या सायकलकडे पुन्हा एकदा पाहिलं. लुक होता, नाही असं नाही. मात्र साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला, पायजमा-सदऱ्यातला एक निवृत्त शिक्षक तिच्यावर बसवल्यावर त्यातला किती शिल्लक राहील, याचा हिशेब त्या मुलाने केलेला नव्हता. त्याच्या मते लुकला धोका होता तो फक्त कॅरियरकडून. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. तेही विचारलं. तो म्हणाला, "सर, हा माल पहिलेचा आहे." म्हणजे फॅशन नवी आणि माल जुना. मी पैसे दिले.

आमच्या वडिलांची सायकल काळी होती. 28 इंची चाकं, लोखंडी दांड्यांचे ब्रेक, साखळीवर पुरं कव्हर, मागे जाड तारेचा चिमटा असलेलं कॅरियर, आणि चाक अधांतरी उचलून धरणारा असा स्टँड की सायकल उभी केली म्हणजे तिला रागाने लाथ मारली तरी ती पडायची नाही. यांतलं काहीही त्यांनी वेगळं मागितलं नव्हतं. बायकांच्या सायकलीला तर साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर जाळी येई. वडिलांनी त्या सायकलवरून म्हशीसाठी ढेपेचं पोतं आणलं, पुढच्या दांड्यावर मी आणि कॅरियरवर माझी बहीण असं आम्हाला फैजपूरच्या मामांकडे नेलं, लग्नाचं एक कपाटसुद्धा तिच्यावर आडवं टाकून चालवत आणल्याची घरात बोलवा आहे. लुक गेल्याची नोंद नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत देशात सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला टीआय 1949 मध्ये, सोनीपतला ॲटलस 1951 मध्ये, लुधियान्याला हिरो 1956 मध्ये. या मंडळींनी एक गोष्ट न विचारता गृहीत धरली होती, की माणूस सायकलवर बसला म्हणजे त्याच्याजवळ काहीतरी सामान असणार. दूधवाल्याच्या कॅन, पोस्टमनची थैली, शिंप्याचं गाठोडं, पाववाल्याची पेटी. हे गृहीतक पुढे केव्हातरी कोणीतरी मागे घेतलं. आता गृहीत असं आहे की सायकलस्वाराला तहान लागते, बाकी काही लागत नाही. त्याच्या घरी पीठ आपोआप येतं.

2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल 21 टक्के घरांत. इतक्या घरांतली सायकल काय फक्त व्यायामाला उभी असेल? पण जनगणनेच्या कागदावर सायकल आहे की नाही एवढाच रकाना असतो, तिला कॅरियर आहे की नाही असा नसतो. असो. संयुक्त राष्ट्रसंघाने 2018 साली 3 जून हा जागतिक सायकल दिवस ठरवला, आणि 2020 च्या बरोबर त्याच 3 जूनला ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम बंद पडलं. तारीख निवडायला कोणाला सांगितलं असतं तर इतकी नेमकी सापडली नसती.

तर कॅरियर. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलला बाजारातलं साधं कॅरियर बसत नाही, कारण त्याचा पाय जिथे टेकायचा तिथे ब्रेकचा पंजा बसलेला असतो. सीटखाली शॉकअप असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते : मागचं चाक एकीकडे उडतं, सीट दुसरीकडे, आणि कॅरियरने कोणाच्या बाजूने राहायचं हे ठरत नाही. हे मला आमच्या सायकलवाल्या चाचांनी समजावलं. ते गेली कित्येक वर्षं या धंद्यात आहेत. हल्ली मोटारसायकलचे पंक्चर जास्त काढतात आणि सायकल समोर आली की चष्मा पुसतात. त्यांनी माझ्या सायकलला एक चक्कर मारली, मागच्या भोकात पान्ह्याचं टोक घालून पाहिलं आणि म्हणाले, "बैठेगा नै, सर. इस में रखने का कुछ सोचाच नै." सायकल उद्योगाच्या आजच्या परिस्थितीवर इतकं अचूक वाक्य मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

चाचांनी मला वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं. आमच्याकडे वेल्डिंगची दुकानं चालतात ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि शेताच्या फाटकांवर. त्यामुळे तिथल्या भाऊंना ओझ्याविषयी तिरस्कार नाही, उलट माणूस सामान घेऊन जाणार म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. सायकल पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती क्विंटल टाकनार, सर?"

मी पाच किलो पीठ म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी सळई कापायला घेतली. संध्याकाळी जे कॅरियर तयार झालं ते एखाद्या शेताच्या फाटकाचा धाकटा भाऊ आहे. त्याला लाल ऑक्साईड मारलेला आहे. ब्रेकला वळसा घालून त्याचे पाय खाली आले आहेत. त्याच्यावर मी उभा राहू शकतो. भाऊंनी स्वतः उभं राहून दाखवलं. सायकलचा जो काही हलकेपणा होता आणि ज्याच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले होते, तो त्या एका संध्याकाळी संपला. आता निदान ती सायकल कशासाठी आहे हे लांबून कळतं.

ओझ्याचंच म्हणाल तर दिएन बिएन फूच्या लढाईत, 1954 साली, व्हिएतनामी लोकांनी एकेका सायकलवर दोनशे किलोंहून जास्त ओझं लादलं, हँडलला बांबू बांधून त्या डोंगरांमधून ढकलत नेल्या आणि फ्रेंच सैन्याचा पराभव केला. त्यांतल्या पुष्कळ सायकली प्यूजो या फ्रेंच कंपनीच्याच होत्या. ज्याने कोणी त्या विकल्या त्याने लुकचा मुद्दा काढला असता तर फ्रेंचांचं बरं चाललं असतं.

पुढच्या जाळीची हकिकत लहान आहे. जाळी हवी म्हणून मी मागितली तर मला लेडीज सायकलची जाळी दाखवण्यात आली, गुलाबी रंगाची, पुढे प्लॅस्टिकचं फूल. दुसरा रंग नव्हता. मी फूल काढून जाळी घेतली. जाळी नको असेल तर पिशवी हँडलला अडकवायची, आणि त्यात काय होतं हे ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक आहे : पिशवी पायडल मारताना गुडघ्याला लागते, मग झोका घेते, वळताना चाकाच्या तारांत शिरू पाहते, आणि हँडल नेहमी बटाट्यांच्या बाजूला वळतं. 23 मार्च 2018 पासून राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून मी घरून कापडी पिशव्या नेतो. भाजीवाली ताई तरीही एक पातळ पिशवी कुठून तरी काढते, त्यात टमाटे घालते आणि वर मलाच म्हणते, "ठेवा ना सर, कोन पाह्यतं." ती पिशवी स्टेशन रोडला लागेपर्यंत टिकते. बंदीची अंमलबजावणी पिशवी स्वतःच करते.

जाळीत सामान ठेवल्यावर दुसरी अडचण सुरू होते, तिचं नाव स्टँड. नव्या सायकलला बाजूचा एक पाय मिळतो, तोही मागून घ्यावा लागतो. पुढे जाळीत वजन असलं आणि सायकल एका पायावर टेकवली की पुढचं चाक आपण होऊन हळूच वळतं. मग हँडल वळतं, मग सायकल विचार करते, आणि दुकानदार सुट्टे पैसे मोजत असतानाच मागे आवाज होतो. या आवाजाला बाजारात कोणी दचकत नाही. माणसं शांतपणे खाली वाकतात, कांदे गोळा करून देतात, आणि प्रत्येक जण एकेक सल्ला देतो.

मे महिन्यात याला आणखी एक बाजू येते. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा डांबर मऊ पडतं. मी किराणा दुकानासमोर सायकल लावतो, स्टँडचा पाय रस्त्यात रुतू लागतो, आणि तेलाचा डबा, साखर, दोन किलो शेंगदाणे असं सगळं घेऊन सायकल सूर्यास्ताच्या गतीने डावीकडे कलते. ती पडताना दिसत नाही. पडलेली दिसते. यावर उपाय म्हणून मी खिशात फरशीचा एक चपटा तुकडा ठेवतो आणि सायकल लावताना तो पायाखाली सरकवतो. खिशातून फरशी काढणाऱ्या माणसाकडे लोक पाहतात. मीही त्यांच्याकडे पाहतो.

जपानमध्ये घरकामाच्या सायकलला मामाचारी म्हणतात. तिला पुढे जाळी, मागे कॅरियर, साखळीला कव्हर, चाकाला कुलूप, दिवा आणि रुंद दोन पायांचा स्टँड हे सगळं दुकानातूनच लागून येतं. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि सामान ठेवलं की पुढचं चाक वळू नये म्हणून तिथल्या सायकलींना खाली एक स्प्रिंगसुद्धा असते. म्हणजे माझे कांदे ज्या कारणाने रस्त्यावर सांडतात ते कारण जगाला ठाऊक आहे, त्यावर स्प्रिंगही निघालेली आहे. ती रावेरपर्यंत आली नाही एवढंच. नेदरलँड्सचे पंतप्रधान असताना मार्क रुटे सायकलवरून कार्यालयात जात. त्यांना वाटेत कोणी थांबवून 'पेट्रोल परवडत नाही का' असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला विचारतात. सायकलवर दिसलेल्या माझ्या वयाच्या माणसाला गावाने तीन कारणं मंजूर केली आहेत. एक, गाडी गॅरेजला टाकली असेल. दोन, डॉक्टरांनी सांगितलं असेल. तीन, मुलाशी पटत नसेल. पहिल्याला नकार दिला की दुसरं पुढे येतं. दुसऱ्याला दिला की समोरच्याचा आवाज खाली जातो आणि "मंग पोरगा कुठे असतो आता?" अशी सुरुवात होते. बाजार घरापासून जवळ आहे, पायी जायला थोडा लांब आहे आणि गाडी काढायला फार जवळ आहे, हे चौथं कारण मी अनेकांना सांगून पाहिलं. ते ऐकून घेतात आणि आमच्या घरी फोन करून तब्येत विचारतात.

आता गावात सायकलवाल्यांचा आणखी एक वर्ग झाला आहे आणि त्याला मान आहे. रविवारी पहाटे डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर रंगीत चष्मा, अंगाला चिकटलेले कपडे घालून ही मंडळी पालच्या बाजूला सातपुड्यात चढून जातात. त्यांच्या 21 गिअरना काम मिळतं याचा मला खरोखर आनंद आहे. त्यांच्या सायकली माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग आहेत. त्यांच्याजवळ सामान नसतं. परत येताना त्यांच्यापैकी कोणाच्या कॅरियरवर मेथीची जुडी दिसलेली नाही, कारण कॅरियर नाही. चौकात ते चहाला थांबतात तेव्हा लोक कौतुकाने किती किलोमीटर झाले ते विचारतात. मी त्याच टपरीसमोरून दळणाचा डबा घेऊन जातो तेव्हा मला कोणी किलोमीटर विचारत नाही. त्यांच्यातल्या एकाने मला प्रेमाने त्यांच्या गटात बोलावलं होतं. माझ्या कॅरियरकडे पाहून म्हणाला, "सर, हे फक्त काढून या." 

सर्वांत अवघड सामान मात्र बाजारातून येत नाही, शेतातून येतं. रावेर तालुका केळीचा. इथे केळी डझनावर मागणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. जुना विद्यार्थी वाटेत भेटतो, शेतात या म्हणतो, आणि निघताना हातात अख्खा घड देतो. नाही म्हणायची सोय नसते. घड वीस-पंचवीस किलोंचा. तो सरळ उभा राहत नाही, आडवा ठेवला तर खालच्या फण्या चेपतात, दोरीने बांधला तर दोरीचा काळा डाग पडतो, आणि घरी पोचल्यावर सौ. तो डागच आधी पाहते. "अहो, बांधून आणलं का लोळवत आणलं?" मग मी शिकलेली पद्धत अशी : कॅरियरवर आधी केळीची वाळलेली पानं, त्यावर गोणपाट, त्यावर घड, त्यावर पुन्हा पानं, आणि वरून जुन्या ट्यूबची पट्टी. दोरी नाही, ट्यूबच. चाचांकडे ट्यूबच्या पट्ट्या फुकट मिळतात, त्या ते मला देतात आणि देताना विचारतात, "आज क्या गिराया?"

आता यात तक्रारीचा भाग पाहा. याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या बाजूला केळी शेतातून काढताना तिला कोणी जमिनीला टेकू देत नाहीत. फण्या सुट्या करतात, धुतात, पुसतात, मधे फोमचा कागद घालतात, तेरा-साडेतेरा किलोच्या खोक्यात भरतात, थंड कंटेनरमध्ये ठेवतात आणि आखाती देशांत पाठवतात. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर आणि सावदा स्टेशनांवरून दिल्लीला केळी रेल्वेने जात आली ती कितीतरी वर्षांपासून. म्हणजे रावेरची केळी दुबईला विना डाग पोचवायचं शास्त्र या गावात पुरेपूर आहे. तीच केळी मळ्यातून स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत न्यायची म्हटली की शास्त्र संपतं आणि मी सुरू होतो.

बरं, ज्यांना जमवायचं त्यांनी सायकलचंही जमवलेलं आहे. 2005 साली सुरू झालेली वर्ल्ड बायसिकल रिलीफ नावाची एक अमेरिकन संस्था आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी सायकल बनवून घेते. तिचं मागचं कॅरियर शंभर किलोंसाठी असतं. सायकलचं नाव बफेलो. इथल्याप्रमाणे तिथेही दांड्यावर जनावरच आहे, पण म्हैस म्हटल्यावर निदान कामाची अपेक्षा तरी करता येते. मी हे आमच्या दुकानातल्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "ब्लॅक कलरमधी येती का?"

हवेचं थोडक्यात सांगतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, गाडीला. वडिलांच्या सायकलच्या जुन्या वॉलला पंपावरचं तोंड बसत नाही. माझ्या नव्या सायकलचा वॉल मोटारसायकलचा आहे, त्याला बसतं. पण पंपावरच्या पोराला सवय ट्रकची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून दिवसभर केळीचे ट्रक येतात, त्यांच्या चाकांत तो हवा भरतो, आणि त्याच हाताने माझ्याही. पहिल्या वेळी ट्यूब पंपावरच फुटली. आता मी लांबूनच "थोडी, थोडी" असं ओरडत येतो. उन्हाळ्यात हवा आपण होऊन फुगते, पावसाळ्यात बाभळीचे काटे असतात, हिवाळा बरा असतो. हिवाळ्यातच वांगीही असतात.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून मडगार्ड. मडगार्ड नसलेली सायकल काळ्या मातीच्या गावात पावसात चालवली की पाठीच्या कण्यावर मानेपासून कंबरेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा उमटतो. हा पट्टा स्वतःला दिसत नाही. तो घेऊन माणूस बँकेत जातो, पोस्टात जातो, एखाद्या शोकसभेतसुद्धा जातो. सगळे त्याच्याशी समोरून आदराने बोलतात. मी पत्र्याचे जुने मडगार्ड भंगारातून शोधून लावले. चार बोटं रुंद टायरवर तीन बोटं रुंद मडगार्ड. पट्टे आता एकाऐवजी दोन येतात, पण बारीक.

एका बँकेसमोर गाड्या लावायला पांढऱ्या रेघा आखल्या आहेत. मी सायकल रेघेच्या आत लावतो, कुलूप लावतो, आत जातो. बाहेर येतो तेव्हा रेघेच्या आत मोटारसायकल असते आणि माझी सायकल डीपीजवळ, कचऱ्याच्या कुंडीला टेकवलेली. मागचं चाक कुलूपबंद असताना ती तिथे गेली कशी? उचलून. सायकल उचलता येते हाच तिचा गुन्हा. पण वेल्डिंगवाल्या भाऊंचं कॅरियर बसल्यापासून या बाबतीत स्पष्ट सुधारणा आहे. परवा दोन तरुण तिला उचलायला वाकले आणि एकमेकांकडे पाहून सरळ झाले. मोटारसायकल त्यांनी दुसरीकडे लावली. खिडकीतून हे पाहताना भरायला दिलेलं माझं पासबुक कधी परत आलं ते मला कळलं नाही.

आता सायकल पूर्ण झाली आहे. पुढे गुलाबी जाळी, मागे लाल ऑक्साईडचं कॅरियर, त्याच्या दोन्ही बाजूंना दूधवाल्याच्या कॅनसाठी असतात तसे आकडे, गोणपाट, ट्यूबच्या तीन पट्ट्या, स्टँडसाठी फरशीचा तुकडा, आणि चाचांनी स्वतःच्या जुन्या सायकलची काढून दिलेली पितळी घंटी, जिचा आवाज पूर्वी चांगला असावा. गिअर 21 आहेतच. हिच्यावर गॅसचं सिलिंडर मावतं, दळण मावतं, आठवड्याचा भाजीपाला मावतो, आणि भरताच्या हंगामात बामणोदकडची मोठमोठी फिकट हिरवी वांगी न चेपता येतात. वांगी जाळीत, कांद्याची पात जाळीच्या बाहेर, वांगी भाजायला लागणाऱ्या पऱ्हाट्यांची मोळी कॅरियरवर.

आणि इथून नव्या तक्रारीला सुरुवात होते. गल्लीत तीन चारचाकी आहेत. त्यांतल्या सगळ्यात पांढऱ्या गाडीचे मालक, आमच्या शेजारचे अण्णा, एकदा फाटकापाशी उभे राहून माझं सामान उतरवणं पाहत होते. "सर, तुमच्या सायकलवर बरंच मावतं," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "चक्कीवर जाता तर आमचंही दळण नेत जा ना. आमच्या गाडीत नेलं तर सीटवर पीठ सांडतं. सीटकव्हर नवीन आहेत." मग समोरच्या काकूंना कळलं. त्यांची स्कूटी आहे, पण स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी डबा ठेवला की काकूंचे पाय ठेवायला जागा राहत नाही. मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं सिलिंडर. एकांच्या नातवाची स्कूलबॅग, नातवासकट. जे मला तब्येत विचारत होते तेच आता वेळ विचारतात : सर, किती वाजता निघनार?

ज्यांच्या घरी चार चाकं आहेत त्यांच्यासाठी मी दोन चाकांवर ज्वारी वाहतो आहे, आणि हे कसं झालं याचा मागोवा घेतला तर तो थेट त्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत जातो. मी पाच किलो म्हटलं होतं. भाऊंनी ऐकलं नाही.

सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काढून टाका ते कॅरियर." काढायला गेलो. ते नटबोल्टचं नाही. वेल्डिंग केलेलं आहे.

अण्णांचा डबा उद्या सकाळी येणार आहे. झाकण घट्ट लावून पाठवा, एवढं त्यांना कळवलं आहे.